प्रारूप विकास आराखड्यावर हरकत नोंदवताना

प्रारूप विकास आराखडा, म्हणजे शहरातली कोणती जागा कशासाठी वापरायची याचा मसुदा, राजपत्रात प्रसिद्ध झाला की महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 26 प्रमाणे हरकती-सूचनांसाठी मोजकेच दिवस मिळतात. पहिला आठवडा चर्चेत घालवू नका, नकाशे मिळवा.

नकाशे दोन लागतात: विद्यमान जमीन वापराचा आणि प्रस्तावित वापराचा. मिळकत पत्रिकेवरचा नगर भूमापन क्रमांक किंवा सातबारावरचा गट नंबर दोन्हींवर शोधा. विद्यमान वापराचा नकाशा आधी तपासा. त्यात उभी इमारत, ओढा किंवा मुलं खेळतात ते मैदान सुटलं असेल, तर पुढचं आरक्षणही (शाळा, मैदान अशा सार्वजनिक कामासाठी राखलेली जागा) चुकतं. मुंबईच्या 2034 च्या आराखड्याचा 2015 चा मसुदा अशा चुकांमुळेच नव्याने करावा लागला.

रस्त्याच्या रुंदीकरणात एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. 12 मीटरचा रस्ता 18 मीटर होणार असेल, तर वाढीव 6 मीटर दोन्ही बाजूंनी तीन-तीन घेतले आहेत की सगळे एकाच बाजूने, हे पाहा. मोबाइलवरच्या पीडीएफवर ते मोजू नका, झूम केलं की प्रमाण बदलतं. पालिकेच्या कार्यालयातल्या छापील नकाशावर पट्टी लावा.

एका अर्जात एकच मुद्दा घ्या. नुसतं ‘रस्ता रद्द करावा’ लिहिलं तर हरकती ऐकणाऱ्या नियोजन समितीच्या हाती काही लागत नाही. गट नंबर, रस्त्याची रुंदी, चूक कोणती आणि त्याऐवजी नेमकं काय हवं, हे चार वाक्यांत मांडा. सोबत मिळकत पत्रिका किंवा सातबारा, मंजूर बांधकाम नकाशा, मोजणीची ‘क’ प्रत (सरकारी मोजणीचा हद्दी दाखवणारा नकाशा), फोटो आणि जागा लाल शाईने दाखवलेला नकाशाचा तुकडा जोडा. मोजणी आधी झाली नसेल तर तिच्यासाठी अर्ज अडवून ठेवू नका, ती वेळेत होईलच असं नाही. अर्ज दोन प्रतींत द्या आणि आवक क्रमांकासह पोच घ्या.

मैदान किंवा शाळेचं आरक्षण राहावं असं वाटत असेल, तर तेही लेखी कळवा. रहिवासी इथेच कमी पडतात. जमीनमालक आरक्षण उठवायची मागणी करतो, बाकीचे गप्प बसतात आणि फाइलवर एकच बाजू राहते. वॉर्डातल्या प्रत्येक सोसायटीने ठराव करून असा अर्ज द्यायला हवा.

सुनावणी नियोजन समितीपुढे होते. तिच्यात पालिकेच्या स्थायी समितीचे तीन सदस्य आणि जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. बोलायला मोजकी मिनिटंच मिळतात, त्यामुळे लाल खुणांचा नकाशा आधी टेबलावर ठेवा. नंतर कलम 28 खाली जाहीर होणारे फेरबदल जरूर तपासा: दुसऱ्या कोणाचं उठलेलं आरक्षण तुमच्या गटावर आलेलं असू शकतं.