गळीत हंगामापासून मागे मोजत : मोठ्या भांडवली प्रकल्पाचे वेळापत्रक कसे आखावे आणि कसे राखावे

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात मोठे भांडवली काम म्हटले की ते बहुधा साखर कारखान्याचे विस्तारीकरण, सहवीज प्रकल्प (उसाच्या चिपाडावर वाफ आणि वीज तयार करणारा), उपसा सिंचन योजना किंवा रस्ता-पूल यांपैकी एखादे असते. करारात मुदत काहीही लिहिलेली असो, या कामांची खरी मुदत मृगाचा पाऊस आणि गळीत हंगाम हे दोघेच ठरवतात. म्हणून वेळापत्रक आजच्या तारखेपासून पुढे न आखता शेवटच्या तारखेपासून मागे आखावे, आणि प्रत्येक कामाला किती दिवस लागतील हे पाहताना ते दिवस वर्षाच्या कोणत्या भागात पडतात हेही तितक्याच काटेकोरपणे पाहावे.

सुरुवात कामांच्या यादीने करावी. ‘सिव्हिल काम – पाच महिने’ अशी ओळ वेळापत्रकात असू नये, कारण त्या ओळीवरून पाचव्या महिन्यापर्यंत काहीच कळत नाही. प्रत्येक काम शक्यतो तीन-चार आठवड्यांपेक्षा मोठे नसावे, ते संपले हे डोळ्यांनी पाहून ठरवता यावे, आणि त्याला जबाबदार असलेली व्यक्ती एकच असावी. परवानग्याही यादीत कामे म्हणूनच घ्याव्यात. प्रदूषण नियंत्रण मंडळाची उभारणीपूर्व आणि चालू करण्यापूर्वीची संमती, बॉयलर निरीक्षकांची तपासणी, विद्युत निरीक्षकांची मंजुरी आणि वीज ग्रीडला जोडण्यासाठी पारेषण कंपनीशी चालणारा व्यवहार यांपैकी प्रत्येकाला स्वतःची सुरुवात, शेवट आणि पाठपुरावा करणारा माणूस हवा. जमीन संपादनाबाबत तर अधिकच सावध राहावे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार घोषणेनंतर निवाड्यासाठी, म्हणजे भरपाई ठरवणाऱ्या आदेशासाठी, बारा महिन्यांची मुदत आहे, पण कायद्यातील मुदत म्हणजे प्रत्यक्ष ताबा नव्हे. बेळगावजवळच्या हलगा–मच्छे बायपास रस्त्याचे काम शेतकऱ्यांच्या विरोधामुळे आणि न्यायालयीन दाव्यांमुळे वारंवार कसे थांबले, हे बेळगावकरांनी पाहिलेले आहे. सुपीक जमिनीच्या मालकाचा आक्षेप रास्त असू शकतो. तो ऐकून घेण्यासाठी लागणारा वेळही वेळापत्रकात प्रामाणिकपणे धरला पाहिजे.

यादी झाल्यावर कोणते काम कशासाठी थांबते ते जोडावे. ड्यू पाँट आणि रेमिंग्टन रँड या कंपन्यांनी १९५७ मध्ये विकसित केलेली ‘क्रिटिकल पाथ’ पद्धत याच जोडणीवर उभी आहे : परस्परावलंबी कामांच्या साखळ्यांपैकी जी सर्वांत लांब, तीच प्रकल्पाची तारीख ठरवते, आणि उरलेल्या साखळ्यांना जो मोकळा अवधी मिळतो त्याला फ्लोट म्हणतात.

सहवीज प्रकल्पातील टर्बाइनचे उदाहरण घेऊ. आकडे केवळ हिशेबासाठी आहेत. समजा, १५ ऑक्टोबरला टर्बाइन चाचणीसह तयार हवे. ऑर्डर दिल्यापासून यंत्र यायला ३६ आठवडे, उभारणीला १०, अलाइनमेंट (भाग एका रेषेत बसवणे) आणि ऑइल फ्लशिंगला (तेलाच्या नळ्या धुऊन काढणे) ३ आणि चाचणीला २, असे ५१ आठवडे होतात. म्हणजे ऑर्डर आदल्या वर्षीच्या २३ ऑक्टोबरच्या सुमारास गेलीच पाहिजे. फाउंडेशनची साखळी वेगळी आहे. यंत्राचे वजन, कंपन आणि बोल्टच्या जागा पुरवठादाराने कळवल्याशिवाय डिझायनर हात लावू शकत नाही. त्या माहितीला ८ आठवडे, डिझाइनला ४, खोदाईपासून वरच्या डेकच्या, म्हणजे यंत्र ज्यावर बसते त्या स्लॅबच्या, काँक्रीटपर्यंत १२ आणि काँक्रीटला पूर्ण ताकद येण्यासाठी ४ धरले, तर फाउंडेशन ७ मेच्या आसपास तयार होते. यंत्र येणार २ जुलैला. कागदावर ८ आठवड्यांचा फ्लोट दिसतो आणि सगळे निर्धास्त होतात.

पण हे आठही आठवडे वापरून पाहा. पुरवठादाराची माहिती उशिरा आली, ड्रॉइंगच्या मंजुरीत दिवस गेले आणि खोदाई १५ जानेवारीऐवजी १२ मार्चला सुरू झाली, तर डेकचे काँक्रीट जूनच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे मृगाच्या तोंडावर येते. तिथून पुढे एक दिवसाचा उशीर हा एकाच दिवसाचा राहत नाही. अथणी-चिकोडीकडच्या काळ्या मातीत पाणी शिरले की खड्ड्याच्या कडा ढासळतात आणि क्रेन उभी करायला जमीन राहत नाही. खानापूरच्या पश्चिमेला कणकुंबीच्या बाजूला तर पावसाचा जोर असा असतो की उघड्यावरचे काम चार महिने धरूच नये. शिवाय जुलैत येणारे यंत्र उतरवायचे, तर टर्बाइन हाउसवर पत्रे चढलेले आणि ओव्हरहेड क्रेनची लोड टेस्ट (वजन उचलून घेतलेली चाचणी) झालेली असली पाहिजे. म्हणून खोदाई, जोते, छप्पर आणि आतले रस्ते यांना मेअखेरची स्वतंत्र तारीख द्यावी आणि ती हंगामाच्या तारखेइतकीच पक्की मानावी. पाऊस धरून मोजलेला फ्लोटच खरा.

माणसांचा हिशेबही असाच तारखांना बांधलेला असतो. गणपती आणि दिवाळीला स्थानिक गवंडी व सेंट्रिंगवाले गावी जातात, सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जत्रेला ट्रॅक्टर आणि माणसे दोन्ही कमी पडतात, फॅब्रिकेशनच्या बिहारी टोळ्या छठच्या आधी निघतात, आणि ऊसतोड सुरू झाली की वाहतुकीची साधने मिळेनाशी होतात. हे दिवस सॉफ्टवेअरच्या कॅलेंडरमध्ये आधीच भरून ठेवावेत. साइटवर लावायचा तीन आठवड्यांचा तक्ता मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत लिहावा. मुकादमाला जो तक्ता वाचता येत नाही, त्यावर काम चालत नाही.

सर्वांच्या सह्या झाल्यावर मूळ वेळापत्रक गोठवावे आणि नंतरची प्रगती त्याच्याशीच ताडून पाहावी. उशीर झाला म्हणून मूळ तारखा गुपचूप पुढे सरकवणे हा वेळापत्रकाशी होणारा सर्वांत मोठा अन्याय आहे. दर आठवड्याच्या बैठकीत ‘किती टक्के झाले’ असे विचारू नये. पाइपिंग ९० टक्क्यांवर आठवडेच्या आठवडे अडकून राहू शकते, कारण उरलेल्या दहा टक्क्यांत व्हॉल्व्ह, सपोर्ट आणि वेल्डची तपासणी असते. त्याऐवजी ‘आजपासून अजून किती दिवस, आणि कशासाठी थांबले आहे’ एवढेच विचारावे आणि उत्तर त्याच दिवशी वेळापत्रकात भरावे. अडथळा मालकाच्या बाजूचा असेल, तर तोही तारखेसह नोंदवावा. फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या १९९९ च्या करारनमुन्यात मुदतवाढीच्या दाव्याची नोटीस २८ दिवसांत देण्याची अट आहे, त्यामुळे नोंद नसलेल्या उशिराचा वाद नंतर कोणालाच नीट मांडता येत नाही.

उशीर भरून काढताना जादा टोळ्या आणि दुसरी पाळी क्रिटिकल साखळीवरच लावावी; फ्लोट असलेल्या कामावर केलेला खर्च तारीख एक दिवसही अलीकडे आणत नाही. मात्र चाचण्यांचे दिवस कापू नयेत. बॉयलरची हायड्रॉलिक टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी), अल्कली बॉइल-आउट (आतले तेल-ग्रीस रसायनाने उकळून काढणे), स्टीम ब्लोइंग (वाफेने नळ्या साफ करणे) आणि सेफ्टी व्हॉल्व्हची तपासणी हे दिवस कामगारांच्या जिवाशी बांधलेले आहेत आणि अग्निप्रदीपनाचा मुहूर्त ठरला म्हणून ते आखडता येत नाहीत.

त्यासाठी वेळापत्रकात ऑगस्टअखेरीस एक निर्णयाची तारीख ठेवावी. त्या दिवशी उरलेल्या कामांचा हिशेब १५ ऑक्टोबरपलीकडे जात असेल, तर यंदाचा हंगाम जुन्या क्षमतेवर घेण्याचा ठराव संचालक मंडळाने तेव्हाच करावा, कारण तोडणी टोळ्यांची उचल आणि वाहतुकीचे करार त्या क्षमतेवर बेतायचे असतात आणि वाढीव गाळपाच्या भरवशावर ऊस नोंदवलेल्या शेतकऱ्याला दुसऱ्या कारखान्याचा विचार करायला अजून वेळ असतो.