बेटावर राहून रोज नोकरीला जाताय? आधी तिथी बघा

लग्नानंतर मी अर्नाळ्याच्या किल्ल्यावर, म्हणजे विरारजवळच्या बेटावर राहायला आले, नोकरी मात्र विरारलाच. पहिल्याच महिन्यात दोनदा लेटमार्क लागला. होडी वेळेवर होती, पाणीच नव्हतं! ओहोटीत होडी लांब थांबते आणि तिथवर चिखल तुडवत जावं लागतं.

सासूबाईंनी शिकवलेला हिशोब असा:

१. कॅलेंडरमधली तिथी बघा. अमावास्या-पौर्णिमेला १५ धरा.
२. तिच्या पाऊणपट करा. साधारण तितक्या वाजता भरती. चतुर्थीला ३, अष्टमीला ६. सकाळ-संध्याकाळ दोन्हीकडे हेच.
३. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी.

म्हणजे प्रतिपदा-द्वितीयेला सकाळी सात-साडेसातला ओहोटी, आणि संध्याकाळी घरी येतानाही तीच. शिवाय हे उधाणाचे, म्हणजे मोठ्या भरती-ओहोटीचे दिवस, त्यामुळे ओहोटीला पाणी किनाऱ्यापासून फार लांब जातं. महिन्याच्या सुरुवातीलाच या तारखांवर लाल खूण करते. त्या दिवशी एक होडी आधीची. ऑफिसचे बूट पिशवीत, पायात रबरी चप्पल आणि पाय धुवायला पाण्याची बाटली. सुकलेला चिखल बोटांच्या बेचक्यातून निघता निघत नाही, आणि तसेच पाय घेऊन बसमध्ये चढलं की सगळे बघतात.

अष्टमी-नवमीला निवांत. होडी जवळ येते.

हिशोब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. खाडीत आत राहत असाल तर भरती आणखी उशिरा येते, तेव्हा आठवडाभर स्वतः बघून फरक लिहून ठेवा. पावसाळ्यात मात्र तिथी बाजूला ठेवायची. तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, ‘आज नको’ म्हणाला की घरीच थांबायचं.