ल्युकेमियाच्या जेनेटिक्समध्ये रिसर्च करायचाय? आधी जॅनेट रॉलीचं करिअर नीट बघा

बायोटेक-मायक्रो करणारी आणि एमबीबीएसची पण बरीच मुलं विचारतात की ब्लड कॅन्सरच्या जेनेटिक्समध्ये रिसर्च करायचाय तर सुरुवात कुठून करू. बहुतेकांच्या डोक्यात असतं की आधी परदेश, मग डीएनए वाचणारी सिक्वेन्सिंग मशीन आणि मग रिसर्च. मला हे पटत नाही. आधी क्रोमोसोम स्वतःच्या डोळ्यांनी बघायला शिका आणि एक प्रश्न घट्ट धरून ठेवा. या क्षेत्रातलं सगळ्यात मोठं काम असंच झालंय, आणि ते केलंय शिकागोच्या डॉक्टर जॅनेट रॉली यांनी.

रॉलीबाई १९२५ च्या. शिकागो युनिव्हर्सिटीत मेडिकलला ६५ जणांच्या बॅचमध्ये मुलींना फक्त ३ जागा, त्या भरलेल्या, म्हणून पुढच्या बॅचपर्यंत थांबावं लागलं. १९४८ ला एमडी, दुसऱ्याच दिवशी लग्न, पुढे चार मुलगे, आणि मग कितीतरी वर्षं त्यांनी पार्ट टाइमच काम केलं, त्यात डाउन सिंड्रोमच्या मुलांचं क्लिनिक होतं आणि क्रोमोसोमकडे लक्ष गेलं ते तिथेच, कारण डाउनमध्ये २१ नंबरचा क्रोमोसोम एक जास्त असतो हे १९५९ ला नुकतंच कळलं होतं. १९६१-६२ ला नवऱ्याच्या सबॅटिकलमुळे, म्हणजे अभ्यासाच्या रजेमुळे, ऑक्सफर्डला गेल्या तर तिथे क्रोमोसोमचं तंत्र शिकून आल्या. परत येऊन शिकागो युनिव्हर्सिटीतले रक्ततज्ज्ञ लिओन जेकबसन यांच्याकडे सरळ मागणी केली, मला थोडी जागा, एक मायक्रोस्कोप आणि थोडा पगार द्या, मी आठवड्याला तीन दिवस येईन. आणि मिळालं! मोठा शोध लागला तेव्हा वय ४७. गॅप पडला, लग्न झालं, मुलं झाली म्हणून आता रिसर्च संपला असं ज्यांना वाटतंय ना, खास करून मुलींना, त्यांनी हा पॅरा परत वाचा.

आता शिकायचं काय ते सांगतो. ल्युकेमियाचं कॅरिओटाइप, म्हणजे पेशीतले सगळे क्रोमोसोम जोड्या लावून तपासणं, बोनमॅरोवर करतात. सॅम्पल सोडियम हेपॅरिनच्या ट्यूबमध्ये यायला हवं, सीबीसीला वापरतो ती ईडीटीएची ट्यूब इथे चालत नाही कारण पेशी जिवंत राहून वाढायला हव्यात. २४ किंवा ४८ तास कल्चर, मग कोल्सेमिड घालून पेशी मेटाफेजला, म्हणजे विभाजनात क्रोमोसोम सगळ्यात स्पष्ट दिसतात त्या टप्प्याला, अडवायच्या, मग पोटॅशियम क्लोराइडचं पातळ द्रावण म्हणजे पेशी फुगतात आणि क्रोमोसोम एकमेकांपासून सुटे होतात, मग मिथेनॉल आणि अॅसिटिक अॅसिड ३ ला १ घेऊन फिक्स, स्लाइडवर थेंब, ट्रिप्सिन हे एन्झाइम, जिम्सा हा रंग, की क्रोमोसोमवर गडद-फिके पट्टे दिसतात. ट्रिप्सिन काही सेकंद जास्त झालं की पट्टे फुगून अस्पष्ट होतात आणि कमी झालं तर पट्टेच उठत नाहीत. यातली एकही पायरी पुस्तक वाचून हातात येत नाही, त्यामुळे इंटर्नशिप करायची तर जिथे हे काम रोज चालतं अशीच लॅब शोधा, नाव मोठं असो नसो.

स्लाइड जमली की बघायला शिका. साधारणपणे एका पेशंटच्या २० मेटाफेज बघतात. नवीन माणूस ८, ९, १० मध्ये हमखास गोंधळतो, तिघांची साइज आणि आकार जवळजवळ सारखाच. १० च्या लांब भुजेवर तीन गडद पट्टे आहेत का बघा, ९ वर ठळक असे दोन असतात. २१ आणि २२ दोन्ही बारीक, पण २१ च्या लांब भुजेवर एक मोठा गडद पट्टा असतो आणि २२ एकंदर फिका. नॉर्मल क्रोमोसोम एवढे पाठ करा की काही वेगळं दिसलं तर नजर आपोआप तिथे अडकली पाहिजे.

कारण १९७२-७३ ला नेमकं हेच झालं. १९६० ला फिलाडेल्फियात नोवेल आणि हंगरफोर्ड यांना सीएमएल या हळू वाढणाऱ्या ब्लड कॅन्सरच्या पेशंटमध्ये एक बारका क्रोमोसोम दिसला होता, त्यालाच फिलाडेल्फिया क्रोमोसोम म्हणतात, आणि सगळे धरून चालले होते की २२ चा तुकडा तुटून गेलाय. रॉलीबाई ऑक्सफर्डच्या दुसऱ्या फेरीत फ्लुरोसन्स बँडिंग, म्हणजे चमकणाऱ्या रंगाने पट्टे उठवायचं तंत्र, शिकून आल्या होत्या, फोटो घरी न्यायच्या आणि डायनिंग टेबलवर एकेक क्रोमोसोम कात्रीने कापून जोड्या लावत बसायच्या, मुलं चिडवायची की आई कागदाच्या बाहुल्या खेळतेय. आधी त्यांना एएमएल या झपाट्याने वाढणाऱ्या ब्लड कॅन्सरमध्ये ८ आणि २१ च्या तुकड्यांची अदलाबदल दिसली. मग सीएमएलमध्ये दिसलं की एका ९ च्या टोकाला जास्तीचा तुकडा आहे आणि तो २२ मधून गेलेल्या तुकड्याएवढाच आहे. म्हणजे तुकडा गेला नव्हता, ९ वर जाऊन बसला होता. ते १९७३ ला नेचरमध्ये छापून आलं.

तेव्हा कितीतरी शास्त्रज्ञ म्हणायचे की क्रोमोसोममधले हे बदल कॅन्सर झाल्यावर होणारा पसारा आहे, कारण नाही. ते मत बदलायला बरीच वर्षं गेली. पुढे १९८० च्या दशकात कळलं की या अदलाबदलीत ९ वरचं एबीएल जीन २२ वरच्या बीसीआरला चिकटतं आणि त्यातून कायम चालू राहणारं एन्झाइम बनतं. ते बंद करणारी इमॅटिनिब ही गोळी २००१ च्या मे महिन्यात अमेरिकेत मंजूर झाली. आपल्याकडे तिच्या पेटंटची केस सुप्रीम कोर्टात गेली, १ एप्रिल २०१३ ला निकाल ती बनवणाऱ्या नोव्हार्टिस कंपनीच्या विरोधात लागला, आणि आज आपले सीएमएलचे पेशंट रोज जी स्वस्त जेनेरिक गोळी घेऊन नोकरी-संसार करतात ना, तिची सुरुवात त्या डायनिंग टेबलवर आहे. मला या कामाचं जे वेड आहे ते यामुळेच.

रॉलीबाई तिथे थांबल्या नाहीत, १९७७ ला एपीएल या एएमएलच्याच एका प्रकारातली १५ आणि १७ ची अदलाबदल पण त्यांच्याच टीमने दाखवली. त्याच वर्षी हेलसिंकीला ल्युकेमियातल्या क्रोमोसोमवर पहिली आंतरराष्ट्रीय वर्कशॉप झाली, वेगवेगळ्या देशांच्या लॅबनी आपापल्या केसेस एकत्र मांडल्या. दुर्मिळ बदल एका लॅबला एक-दोन पेशंटमध्येच दिसतो, त्यामुळे डेटा दाबून बसणाऱ्या गाइडकडे जाऊ नका, हे मनापासून सांगतो.

मग सिक्वेन्सिंग शिकायचं नाही का? शिकायचंच, कारण कितीतरी एएमएल पेशंटचं कॅरिओटाइप पूर्ण नॉर्मल येतं आणि तिथे बदल जीनच्या आतच शोधावा लागतो. आर किंवा पायथन या प्रोग्रॅमिंग भाषांपैकी एक तरी यायला हवी. सरावाला पैसे लागत नाहीत. कॅन्सरमधल्या क्रोमोसोम बदलांच्या केसेस साठवलेला मिटेलमन डेटाबेस फुकट आहे, त्यात ८;२१ म्हणजे ८ आणि २१ ची अदलाबदल शोधा आणि बघा किती केसेसमध्ये सोबत एक्स किंवा वाय क्रोमोसोम पण गायब आहे. टीसीजीए या अमेरिकेतल्या कॅन्सर जीनोम प्रकल्पाचा २०० एएमएल पेशंटचा डेटा आहे, २०१३ ला आलेला, त्यावर एखादा छोटा प्रश्न सोडवून बघा.

आपल्याकडचा रस्ता म्हणाल तर एमएस्सी करून नेट-जेआरएफ किंवा आयसीएमआरची जेआरएफ (ही रिसर्चसाठीची फेलोशिप), मग पीएचडी. एमबीबीएसवाल्यांना एमडी पॅथॉलॉजी करून हिमॅटोपॅथॉलॉजीकडे, म्हणजे रक्ताच्या आजारांच्या निदानाकडे, वळता येतं. महाराष्ट्रातच खारघरला टाटा मेमोरियलचं अॅक्ट्रेक हे कॅन्सर रिसर्च सेंटर आहे, परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची इम्युनोहिमॅटोलॉजीची संस्था आहे, बाहेर जायची तयारी असेल तर वेल्लोरचं सीएमसी, एपीएलमध्ये आर्सेनिकच्या औषधावर त्यांनी फार मोलाचं काम केलंय. त्यांच्या साइटवरच्या जाहिराती अधूनमधून बघत राहा.

आणि गाइडला मेल करताना "आय अॅम व्हेरी पॅशनेट" वगैरे नको. त्यांचा एक पेपर नीट वाचा, त्यातली एक आकृती घ्या, त्यात काय समजलं आणि काय खटकलं ते चार ओळीत लिहा, मिटेलमनवर केलेला सराव जोडा, आणि सरळ विचारा की आठवड्याला तीन दिवस येऊ का.