मल्टीची पिल्लं होईनात, मग काय केलं
मल्टी, म्हणजे रिकाम्या शंखात राहून तिथेच अंडी घालणारा टाकीतला छोटा मासा, आणून आठ महिने झाले तरी पिल्लू एक दिसेना. हा मासा आफ्रिकेतल्या टांगानिका तलावातला, तिथलं पाणी जड, पीएच 8.5 ते 9, आणि आमच्या नळाचं जेमतेम 7. फिल्टरमध्ये कोरलचा चुरा टाकला, पीएच हळूहळू 8.2 वर आला. वाळू एक इंच होती ती दोन केली, कारण हे चार सेंमीचे जीव दिवसभर वाळू उपसून शंख पुरत बसतात (बायको म्हणते घरात जेसीबी पाळलेत). गोगलगायीचे रिकामे शंख उकळून माशांच्या तिप्पट ठेवले, मग टाकीत हात घालणं बंद, खायला ताजा आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले बारीक कोळंबीसारखे जीव). सव्वा महिन्याने एका शंखाच्या तोंडाशी सात-आठ ठिपके हलताना दिसले. मोठ्यांनी त्यांना हातही लावला नाही, म्हणून वेगळी टाकी नाही केली.