एन्क्रिप्ट केलेला घरचा डेस्कटॉप विकताना

घर बदलले, कुटुंब विभक्त झाले किंवा घरातील एखादी व्यक्ती निवर्तली, की सर्वांनी मिळून वापरलेला डेस्कटॉप विकायचा प्रश्न पुढे येतो. डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे त्यातील डेटा किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या सांकेतिक रूपात ठेवलेला असल्याने काळजीचे कारण नाही, असे मानून अनेकजण तो आहे तसाच देऊन टाकतात. एन्क्रिप्शनमुळे काम खरोखर हलके होते. मात्र डिस्क उघडणारी डिजिटल किल्ली नष्ट केल्याशिवाय ते पूर्ण होत नाही, आणि ती एकदा नष्ट झाली की मागे वळता येत नाही. म्हणून कामांचा क्रम चुकू नये.

सर्वप्रथम संगणकावर कोणाकोणाची खाती आहेत ते पाहावे आणि प्रत्येकाचा डेटा त्याच्या हाती द्यावा. विभक्त होणाऱ्या जोडीदारांमध्ये हा विषय नाजूक असतो. दोघांनाही आपापली प्रत मिळाल्याचे त्यांनी लेखी कळवेपर्यंत काहीही पुसू नये, असे माझे ठाम मत आहे. बॅकअप घेतला एवढ्यावर समाधान मानू नये. ती डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून काही छायाचित्रे आणि कागदपत्रे प्रत्यक्ष उघडून पाहावीत, कारण बॅकअपही एन्क्रिप्टेड असेल आणि त्याचा पासवर्ड केवळ जुन्याच संगणकात जतन केलेला असेल, तर तो बॅकअप निरुपयोगी ठरतो. संगणक दिवंगत व्यक्तीचा असून पासवर्ड कोणालाच ठाऊक नसेल, तर घाईने फॉरमॅट करू नये. विंडोजमधील बिटलॉकर या एन्क्रिप्शनच्या सोयीची रिकव्हरी की, म्हणजे पासवर्ड नसताना डिस्क उघडणारा क्रमांक, 48 अंकी असते. ती त्या व्यक्तीच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात, एखाद्या पेन ड्राइव्हवर किंवा जुन्या कागदांत छापील स्वरूपात सापडू शकते.

त्यानंतर एन्क्रिप्शन खरोखर पूर्ण आहे का, हे तपासावे. येथे बरीच गफलत होते. बिटलॉकर तात्पुरते थांबवलेले असेल, तर किल्ली डिस्कवरच उघडी असते. केवळ वापरातील जागा एन्क्रिप्ट करण्याचा पर्याय निवडला असेल, तर त्याआधी डिलीट केलेल्या फाइलींचे अवशेष मोकळ्या जागेत साध्या रूपात राहू शकतात. डेस्कटॉपमध्ये अनेकदा दुसरी डिस्कही असते आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष नसते. म्हणून वीज बंद करून कॅबिनेटची बाजूची झडप काढावी आणि आत किती डिस्क आहेत, हे डोळ्यांनी मोजावे.

मग पुसण्याचे काम. जुन्या पद्धतीच्या फिरत्या हार्ड डिस्कवर संपूर्ण जागा एकदा शून्यांनी भरणे व्यवहारात पुरेसे असते. एसएसडीवर, म्हणजे फिरते भाग नसलेल्या, चिपवर डेटा साठवणाऱ्या डिस्कवर, तसे करून भागत नाही, कारण झीज समान राहावी म्हणून तिचा कंट्रोलर (डिस्कचे काम चालवणारी चिप) डेटा सतत वेगवेगळ्या जागी लिहितो, आणि राखीव ठेवलेल्या काही भागापर्यंत आपण पोहोचूच शकत नाही. तिच्यासाठी उत्पादकाच्या सॉफ्टवेअरमधील किंवा बायोसमधील (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमधील) सिक्युअर इरेझची, म्हणजे संपूर्ण डिस्क पुसण्याची, सोय वापरावी. लिनक्सवर लक्स (LUKS) या पद्धतीचे एन्क्रिप्शन असल्यास आधी क्रिप्टसेटअप (cryptsetup) या साधनाच्या साहाय्याने किल्लीचे सर्व स्लॉट, म्हणजे ती साठवलेल्या जागा, पुसावेत आणि हेडरची (डिस्कच्या सुरुवातीच्या, हे स्लॉट असलेल्या भागाची) जपून ठेवलेली प्रत असल्यास तीही नष्ट करावी. ती प्रत आणि जुना पासवर्ड एकत्र आले, तर डिस्कवर शिल्लक राहिलेला डेटा पुन्हा वाचता येतो.

यानंतर बायोसमधून टीपीएम (एन्क्रिप्शनच्या किल्ल्या जपणारी सुरक्षा चिप) क्लिअर करावे आणि तेथील पासवर्ड काढून टाकावा. तो राहिला तर नव्या मालकाला सेटिंग बदलता येत नाही. ॲपलच्या संगणकावर ‘फाइंड माय’ (हरवलेले उपकरण शोधण्याची सोय) बंद करून खात्यातून बाहेर पडणे पुसण्याच्या आधीच उरकावे, अन्यथा जुन्या मालकाच्या खात्याशी बांधणाऱ्या ॲक्टिव्हेशन लॉकमुळे तो संगणक घेणाऱ्याच्या काहीच कामाचा राहत नाही. आपल्या ऑनलाइन खात्यांतील उपकरणांच्या यादीतूनही त्याचे नाव वगळावे.

ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने टाकून भाषा निवडण्याच्या पहिल्या पडद्यावर थांबावे आणि संगणक बंद करावा. पुढची मांडणी घेणाऱ्याने करायची असते. डिस्क बिघडलेली असेल, पुसण्याची प्रक्रिया मध्येच अडत असेल किंवा एन्क्रिप्शनबद्दल थोडीही शंका उरली असेल, तर ती डिस्क काढून स्वतःजवळ ठेवावी, डिस्कशिवाय विक्री असल्याचे आधीच स्पष्ट सांगावे आणि किंमत तेवढी कमी करावी.