खाजन नकाशात कुठे असतं?

जीआयएसमधलं, म्हणजे संगणकावरच्या नकाशांतलं, माझं पहिलं काम गोव्यातल्या तिसवाडीतल्या एका गावाचं खाजन, म्हणजे खाडीकाठची बांध घालून राखलेली सखल जमीन, रेखाटायचं होतं. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये बांध रेषांनी काढले, मानशी (बांधातले दारं लावलेले पाण्याचे मार्ग) बिंदूंनी, शेतं बहुभुजांनी. ‘वापर’ या रकान्यात सगळीकडे ‘भातशेती’ भरलं. नकाशा घेऊन गावात गेलो, तेव्हा एका वयस्क काकांनी बांधावर बोट ठेवून विचारलं, “हा इथे फुटला तर खारं पाणी कोणाच्या शेतात शिरणार, ते यात कळतं का?”

कळत नव्हतं. अंतर मोजून मी शेताजवळची मानस शोधली, ती निघाली खाडीपलीकडच्या दुसऱ्याच खाजनाची. भरतीच्या रेट्याने मानशीची दारं आपसूक मिटतात, ओहोटीला आतलं पाणी ती उघडून बाहेर पडतं. म्हणजे मानस महत्त्वाची आहे ती कोणत्या शेतांचं पाणी तिच्या हाती आहे म्हणून. हे नातं माझ्या नकाशाच्या एकाही थरात नव्हतं. बांध, मानस, पोंय (आतलं पाणी साठायची खोलगट जागा) आणि शेतं मिळून खाजन होतं, पण खाजन नावाची वस्तूच मी नोंदवली नव्हती.

ऑन्टोलॉजी, म्हणजे कोणत्या वस्तू आहेत आणि त्यांची आपसातली नाती काय याचा आराखडा, शिकायची ती इथून. आधी गावातले लोक विचारतील असे दहा-बारा प्रश्न कागदावर लिहा. मग त्यांची उत्तरं द्यायला कोणत्या वस्तू आणि कोणती नाती लागतात ते ठरवा. असा आराखडा करायचं प्रोटेजे हे मोफत सॉफ्टवेअर त्यानंतर उघडा. नवीन मुलं निर्देशांक प्रणालीतच, म्हणजे जागा आकड्यांत कशी मांडायची यातच, आठवडे घालवतात. गोवा यूटीएम या पृथ्वीचे पट्टे पाडणाऱ्या प्रणालीच्या ४३ उत्तर पट्ट्यात येतो, हा विषय एका दिवसात संपतो. ‘शेत म्हणजे काय’ हा संपत नाही.

ओजीसी या भौगोलिक माहितीची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या २०१२ च्या जिओस्पार्कल मानकाने मला मोठा आधार दिला. त्यात वस्तू वेगळी आणि तिची भूमिती, म्हणजे नकाशावरचा आकार, वेगळी. बांध सरकवून बांधला तरी खाजन तेच राहतं, फक्त त्याला नवी भूमिती जोडायची. वापराचंही तसंच. पावसाळ्यात जिथे कोरगुट हा खारं पाणी सोसणारा भात, तिथेच कापणीनंतर मासे-कोळंबी. म्हणून वापर हा शेताचा कायमचा गुण न मानता हंगामासह वेगळा नोंदवा. नावंही वस्तूपासून वेगळी ठेवा, नाहीतर साखळी आणि सांकेलिम ही एकाच गावाची नावं दोन गावं होऊन बसतात. वाड्याच्या, म्हणजे गावातल्या वस्तीच्या, सीमेबद्दल मात्र सांभाळून. सर्व्हे नंबरची हद्द दप्तरात असते, वाड्याची लोकांच्या बोलण्यात. दोन्ही एकाच प्रकारची रेषा म्हणून काढू नका.

दुसऱ्या खेपेला मी नकाशा नेलाच नाही. वस्तूंचे चौकोन आणि नात्यांचे बाण काढलेला कागद नेला. काकांनी तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, “नदीकडचा मोठा बांध आणि आतला पोंयीच्या कडेचा, दोघांना एकच चौकोन कसा?” त्या संध्याकाळी आमच्या आराखड्यात बांधाचे दोन वर्ग झाले.