‘रन’ शिकवायचा तर आधी धावणं विसरा

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात मी संध्याकाळी नववी-दहावीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. ‘रन’ या क्रियापदाचा तास असला की मी सुरुवात मराठीपासूनच करते. फळ्यावर ‘लागणे’ लिहिते आणि वाक्यं करायला सांगते. भूक लागली, ठेच लागली, दादाले नोकरी लागली, पऱ्हाटीले बोंडं लागली, ताईचं लग्न लागलं. पोट्टे थांबतच नाहीत. यातला एकही अर्थ त्यांनी कधी पाठ केलेला नसतो. कोणाला काय लागलं, एवढ्यावरून तो कळतो. ‘रन’ही असाच धरायचा.

ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशात ‘रन’ या एका क्रियापदाचे 645 अर्थ नोंदवलेले आहेत. त्याआधी सर्वांत जास्त अर्थांचा मान ‘सेट’कडे होता, 1989च्या आवृत्तीत त्याचे 430 अर्थ होते. घोकंपट्टीनं हे कोणालाच येणार नाही आणि त्याची गरजही नाही. रोजच्या वाचण्या-बोलण्यात दहा-बारा वापर पुन्हा पुन्हा भेटतात, तेवढे पक्के करा.

पहिली गोष्ट, कर्ता बघा. ‘द मोटर इज रनिंग’ लिहिलं की कोणीतरी विचारतंच, “मॅडम, मोटरले पाय हायेत का?” हा प्रश्न मला फार आवडतो, कारण पुढचं सगळं त्यातून उलगडतं. ‘रन’च्या कुळातलाच जर्मन शब्द ‘रिनेन’, त्याचा अर्थ वाहणे. म्हणजे या शब्दात पायांइतकंच पाणीही आहे. कर्त्याला पाय असतील तर धावणे. कर्ता पातळ असेल तर वाहणे, म्हणून ‘माय नोज इज रनिंग’. पोळ्याला बैलाच्या नव्या झुलीवर पाऊस पडला आणि लाल रंग पांढऱ्या पट्ट्यात उतरला, तर ‘द कलर रॅन’. कर्ता यंत्र असेल तर चालू असणे. नदी किंवा रस्ता असेल तर अमक्या बाजूनं जाणे: ‘द पेनगंगा रन्स अलाँग द सदर्न एज ऑफ अवर डिस्ट्रिक्ट’.

गाड्यांनाही हेच क्रियापद. आमच्याकडे शकुंतला रेल्वे सगळ्यांच्या घरात बोलली जाते, म्हणून मी तीच घेते. ‘द शकुंतला रॅन बिटवीन मूर्तिजापूर अँड यवतमाळ.’ तिचं इंजिन 1994 पर्यंत वाफेवर चालायचं: ‘इट रॅन ऑन स्टीम टिल 1994.’ कशावर चालतं हे सांगायला ‘ऑन’. आता वर्गातल्या प्रत्येकानं आपल्या घरचं वाक्य करायचं: ट्रॅक्टर डीझेलवर, पंप सौर पॅनलवर, मिक्सर लाइनवर.

दुसरी गोष्ट आपल्या मराठी कानाला नीट समजावून द्यावी लागते. आपल्याकडे दुकान ‘चालतं’ आणि मावशी दुकान ‘चालवते’; क्रियापद बदलतं. इंग्रजीत ‘रन’ जसाच्या तसा राहतो, फक्त मागे कर्म येतं. ‘माय आंट रन्स अ शॉप.’ ‘द विमेन रन अ बचत गट.’ पण म्हणून प्रत्येक ‘चालवणे’ला ‘रन’ लावू नका. मोटरसायकल आणि सायकलला ‘राइड’, कार-ट्रॅक्टरला ‘ड्राइव्ह’. ‘ही रन्स अ बाइक’ हे वाक्य मला दरवर्षी वह्यांमध्ये सापडतं. आणि आपलं ‘चालेल’? तिथे ‘रन’ अजिबात नको, ‘दॅट्स फाइन’ म्हणा.

सगळ्यात जास्त वेळ मी ‘रन आउट’ला देते. क्रिकेटमुळे तो शब्द मुलांच्या तोंडी असतो आणि म्हणूनच वाचताना घात करतो. ‘वुई हॅव रन आउट ऑफ डीझेल’ हे वाक्य आलं की त्यांना यष्ट्या दिसतात. इथे अर्थ आहे संपणे. माणूस कर्ता असेल तर ‘ऑफ’ लागतोच: ‘वुई रॅन आउट ऑफ सॉल्ट’. वस्तूच कर्ता असेल तर ‘ऑफ’ नाही: ‘द सॉल्ट रॅन आउट’. दोन्ही वाक्यं एकाखाली एक लिहून घ्या, मग आईला विचारून घरात या आठवड्यात काय काय संपलं त्याची यादी दोन्ही तऱ्हांनी करा. तेल, साखर, गॅस, बियाणं. उन्हाळ्यात विहीर आटली तर मात्र ‘द वेल रॅन ड्राय’. संपत आलंय पण संपलं नाही, त्याला ‘रनिंग लो’ किंवा ‘रनिंग शॉर्ट’.

रूपं तीनच आहेत: रन, रॅन, रन. ‘हॅव’नंतर तिसरं, म्हणून ‘हॅव रॅन’ चूक.

सरपंचपदाला उभं राहणं अमेरिकेत ‘रन फॉर’ आणि ब्रिटनमध्ये ‘स्टँड फॉर’. एसटीला उशीर झाला तर ‘द बस इज रनिंग लेट’. कृषी केंद्रात उधारी चढत गेली तर ‘ही रॅन अप अ बिग बिल’. घराण्यात एखादी गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या दिसत असेल, जसं साखरेचा आजार, तर ‘इट रन्स इन द फॅमिली’.

जोडीच्या छोट्या शब्दाकडे डोळा ठेवायची सवय लागेपर्यंत वहीत ‘रन’ एकटा लिहूच देऊ नका. ‘रन इंटू’ आणि ‘रन ओव्हर’ तर शेजारी-शेजारी लिहून घ्या. ‘आय रॅन इंटू माय टीचर ॲट द बाजार’ म्हणजे बाजारात बाई अचानक भेटल्या. पण बैलगाडी झाडाला ‘रॅन इंटू’ झाली तर ती धडकली. आणि ‘रन ओव्हर’ म्हणजे अंगावरून चाक गेलं. तिथे बाईंना घालू नका.